मठाधिपतींच्या ताटातला मासा

संत बेनेडिक्टच्या सणानंतरचा मंगळवार, सन १४८७
मठातून

तीर्थस्वरूप इर्मगार्डताईस धाकट्या ओर्टोल्फचा लवून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? भावोजींची बिअर यंदा साधली का? मी मजेत आहे. म्हणजे जेवणघरात उंबऱ्याशी एकटाच जमिनीवर बसून जेवतो (ही शिक्षा आहे), पण भूक उत्तम लागते.

ताई, माझ्या ताब्यातल्या ग्रंथालयात टवाळ लॅटिन कवितांची दोनशे वर्षांची एक पोथी आहे. लिहिणारे धर्माचेच लोक, आणि झोडपलेत बिशप, मठाधिपती, खुद्द पोपसुद्धा. ती टिकली माझ्याआधीच्या ग्रंथपालांच्या लबाडीमुळे. एकाने वर ‘विनयाविषयी’ असं नाव घातलं, दुसऱ्याने मध्ये चार प्रार्थना शिवून टाकल्या. मी समासात बारीक अक्षरांत अर्थ लिहिला: गुत्ता म्हणजे स्वर्ग, दारू म्हणजे देवाची कृपा, फासे म्हणजे येशूचे बारा शिष्य (फासे तीनच आहेत, पण मोजतो कोण?). बिशपसाहेबांच्या तपासनिसांनी नेमका समासच वाचला आणि डोळे पुसत हुकूम केला, की हा ग्रंथ ईस्टरपूर्वीच्या उपवासात रोज जेवताना वाचावा.

आमच्याकडे जेवताना एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी मुकाट गिळायचं. बोलायला बंदी, हसणं तर पापच. पाळी होती बंधू एबरविनची. त्याची नजर अधू. समासातल्या मुंग्या काही त्याला दिसेनात, म्हणून त्याने मधली ठळक कविताच खड्या आवाजात वाचली. तिच्यातला मठाधिपती मांस वर्ज्य असलेल्या उपवासाला नदीतला चार पायांचा, केसाळ बीव्हर खातो आणि म्हणतो, पाण्यात राहतो तो मासाच! आणि आमच्या मठाधिपती विलिबाल्डांच्या ताटात त्या क्षणी बीव्हरचं शेपूट होतं (केशर घातलेलं). चाळीस जणांनी हसू दाबलं. दोघांच्या नाकातून वाटाण्याचं सूप आलं.

“हे माझ्यावर कोणी लिहिलंय? ओर्टोल्फ, तूच ना रे?” मठाधिपती गरजले.

“महाराज, पोथी दोनशे वर्षांची आहे,” मी म्हटलं. “खाई त्याला खवखवे, त्याला कवी काय करणार?”

झालं! मी उंबऱ्याशी, आणि वर हुकूम: रविवारच्या आत मी स्वतःच्या हाताने ती कातड्याची पानं खरवडून कोरी करायची आणि त्यांवर त्यांची प्रवचनं उतरवायची. ताई, मी नाही खरवडणार. वर्षभर उंबऱ्याशी जेवेन, वाटाणेसुद्धा नकोत. मोठ्यांना तोंडावर हसणारी माणसं आपल्यातच होऊन गेली, याचा एवढाच पुरावा उरलाय माझ्यापाशी. तो मी माझ्या हाताने पुसला, तर पुन्हा आरशात बघवणार नाही मला.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
ओर्टोल्फ

ता. क. गाडीवानाकडे टोपली आहे. वरचं चीज तुमचं, खालचं फडकं एकटी असताना सोड. भावोजींना कळू देऊ नकोस, ते गुत्त्यात सगळ्यांना सांगतील. मठाधिपतींना कोरी पानं मिळतील, काळजी नको. त्यांचीच गेल्या वर्षीची प्रवचनं खरवडली आहेत.

आणखी ता. क. पोथी दोनशे वर्षांचीच आहे, आईची शपथ. फक्त बीव्हरचं पान गेल्या हिवाळ्यातलं, माझं. शाई अजून काळीभोर दिसते, म्हणून तेवढं पान आठ दिवस उन्हात ठेव. फाडू मात्र नकोस.