तुमच्या बाजूची सीट

अहो राणूचे बाबा,

परवा रविवारी तुमचा देवमाशाचा झुला सुरू होणार आहे, म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू? आईंना सांगितलं तर त्या मीठ-मिरच्या घेऊन राणूची दृष्ट काढत बसतील. माझ्या बहिणीला सांगितलं तर ती मलाच अकोल्याच्या डॉक्टरकडे नेईल. राहिलात तुम्ही. आणि गोष्टही तुमचीच आहे.

हातात पेन आलं की माझं शाळेतलं मराठी बाहेर येतं, त्याला इलाज नाही. "काय मॅडम, पुण्याच्या झाल्या काय?" असं म्हणाल तुम्ही. म्हणा. तुमचं बोलणं ऐकायलाच तर बसले आहे.

आपल्या रस्त्याला समुद्राचा पार्क होणार अशी बातमी आली, तेव्हा अख्खा मूर्तिजापूर स्टँड हसला होता, आठवतं? जिथे बोअरला खारं पाणी लागतं, त्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नाही, तिथे समुद्र बघायला कोण येणार? तुम्ही मात्र झेरॉक्स काढता काढता गिऱ्हाइकाला सांगायचात, "अरे बापा, खाली समुद्रच हाय ना. खारं पाणी काय आभायातून पडलं? तो वर याची वाट पाहून राहिला." गिऱ्हाईक हसायचं. मला ते बोलणं तेव्हाही आवडलं नव्हतं.

मग खरंच पार्क झाला. लाटांचा तलाव झाला, माशांचा काचेचा बोगदा झाला. आणि पुढच्या वर्षी बोर्ड लागला की इथे रोलर कोस्टर येणार, गाडी देवमाशाच्या तोंडातून आत जाणार आणि शेपटीतून बाहेर पडणार. झालं. त्या दिवसापासून तुम्ही कामातून गेलात. दर रविवारी राणूला गाडीवर पुढे बसवून निघायचं, पार्कासमोरच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि खांब किती वर गेले ते बघत बसायचं. बापलेकीचं ठरलं होतं. पहिला दिवस, पहिला डबा, दोघं बाजूबाजूला. फाटकाजवळ तो फायबरचा ऑक्टोपस उभा आहे ना, ज्याच्या हाताला डोकं लागल्याशिवाय पोरांना झुल्यात घेत नाहीत? राणू त्याच्याखाली टाचा उंचावून उभी राहायची आणि तुम्ही ओरडायचात, "पोट्टे, टाचा खाली!"

मला किती वेळा म्हणालात, तू पण चल. मी नाहीच म्हटलं. जत्रेतल्या पाळण्यात बसले तरी मला घेरी येते. मी म्हटलं, तुम्ही दोघं जा, मी खाली चपला सांभाळते.

शर्ट मात्र तुम्ही अकोल्याहून माझ्यासमोर घेतलात. निळा, त्यावर पांढरे मासे. मी म्हटलं, अहो, वय काय आपलं? तर दुकानदाराकडे बघून म्हणता, "माशाले काय वय राहते?" पहिल्या दिवशी घालायचा म्हणून ठेवला, पण दम कुठला. राणूच्या वाढदिवसालाच घालून मिरवलात. बरं केलंत म्हणा. त्यानंतर महिनाभरातच छातीत कळ आली. अमरावतीला नेत होतो तुम्हाला, बडनेऱ्याच्या अलीकडेच तुम्ही माझ्या हातातून हात काढून घेतला. इतकी काय घाई होती हो?

तेरवी झाली तशी आईंनी तुमच्या कपड्यांचं गाठोडं बांधायला लावलं. "गेलेल्या माणसाचं आंगावरचं घरात ठेवू नाई, बाई. तो मांगं पाहत रायते." मला तो माशांचा शर्ट ठेवायचा होता. पण आई दारात उभ्या होत्या, आणि पोटचा पोरगा त्यांचा गेला होता. मी कशी वाद घालू? गाठोडं तुमच्या दोस्ताला, प्रमोदला दिलं. पार्कात मेंटेनन्सला आहे, कामावरच्या गड्यांना वाटून देतो म्हणाला. मी बघितलंही नाही त्याच्याकडे, तसंच दारातून देऊन टाकलं.

दिवाळीनंतर आम्ही दोघी अकोल्याहून येत होतो. दुपारची एसटी, राणू खिडकीपाशी. पार्काच्या थांब्यावर गाडी उभी राहिली आणि राणूने माझा पदर ओढला. ओरडली नाही ती, अगदी हळू म्हणाली, "आई, बाबा." मी वर बघितलं. लोकांसाठी अजून उघडला नव्हता, तरी झुला फिरत होता. उंचावरून गाडी खाली येत होती आणि सगळ्यात पुढच्या डब्यात निळा शर्ट होता. बाह्या फडफडत होत्या. पांढरे मासे मला रस्त्यावरून दिसले. गाडी देवमाशाच्या तोंडात गेली, थोड्या वेळाने शेपटीतून बाहेर आली, आणि शर्ट तिथेच बसलेला. पुन्हा वर चढायला लागला. एसटी निघाली तरी राणू मान मागे वळवून हात हलवत होती.

घरी आल्यावर प्रमोदला फोन केला, तर तो रडायलाच लागला. माणसं बसवायच्या आधी म्हणे माणसाच्या वजनाचे पुतळे बसवून झुला फिरवून बघतात. प्लास्टिकचे, आत पाणी भरलेले. ते उघडेनागडे पुतळे डब्यात बसलेले गड्यांना बघवेनात, म्हणून त्यांनी शेतातल्या बुजगावण्याला घालतात तसे जुने कपडे चढवले त्यांना. तुमचं गाठोडं तिथेच होतं. "वयनी, गजूले पयल्या डब्यात बसाचं होतं ना. मले वाटलं, बसू द्या त्याले. रोज पयल्या फेरीले मी नमस्कार करत होतो. तुमाले असं दिसन हे माह्या ध्यानातच नाई आलं."

त्याने प्रेमानेच केलं होतं. मी म्हटलं, प्रमोदभाऊ, राणू घरी येईपर्यंत म्हणत होती, बाबा हसून राहिले. त्याचं रडणं एकदम थांबलं. मग म्हणाला, "वयनी, पुतळ्याले डोकंच नाई. खांद्यापर्यंतच हाय तो."

दुसऱ्या दिवशी तो शर्ट पिशवीत घालून घेऊन आला. ओला होता. मी धुतला, वाळवला तर त्यावर मिठाचे पांढरे डाग उमटले, आपल्या बोअरच्या पाण्याचे उमटतात तसे. घडी करून कपाटात ठेवला. आईंना सांगितलं नाही. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पण राणूचं काही संपलं नाही. रोज शाळेतून आली की गच्चीवर. तिथून झुल्याचं टोक दिसतं, तुम्हीच दाखवलं होतं तिला. तिथे उभी राहून ती बोलते, थांबते, ऐकते, मान हलवते. तुम्ही गेल्यापासून पोरगी नीट जेवत नव्हती, वर्गात रडायची. आता पोटभर जेवते, गाणी म्हणते. आई म्हणतात, पाहा, सावरली. मी मात्र तिचं हसणं ऐकलं की हातातलं काम टाकून जिन्यात जाऊन उभी राहते. एकदा विचारलं, काय गं बोलतेस? तर म्हणाली, "बाबा सांगून राहिले, तुह्यासाठी बाजूची सीट धरून ठेवली म्हणते. कोणाले बसू देत नाई ते." आणि मग वेणीची रिबीन सोडता सोडता म्हणाली, "त्याईले एकट्याले करमत नाई ना, आई. मी गेली की मंग ते नाई येणार वापस, आमी तिकडेच राहू."

काय ऐकलं मी हे, सांगा ना. कुणाची लेक आहे ती? तिसरीतली पोर, कपडे काढून ठेवावेत इतक्या सहज बोलली.

मागच्या आठवड्यात मी तिला स्कूटीवर बसवून पार्कात घेऊन गेले. म्हटलं, जवळून दाखवू. रिकामी सीट दिसली की डोक्यातलं निघून जाईल. भर उन्हाची वेळ, लख्ख ऊन. प्रमोदने आत घेतलं. ऑक्टोपसपाशी राणू टाचा टेकवून उभी राहिली आणि तिचं डोकं त्याच्या हाताला लागलं. तुम्ही असतात तर नाचला असतात. मी मात्र तिला खांद्याला धरून मागे ओढलं.

आम्ही देवमाशाच्या तोंडाशी कठड्याला धरून उभ्या राहिलो. आतून गार वारा येत होता आणि ओल्या मिठाचा वास. वरून गाडी सुटली. पुढच्या डब्यात तुम्ही होतात.

नुसता शर्ट नव्हे, शर्टातले तुम्हीच. विरळ झालेले केस वाऱ्याने उभे झालेले, मान जराशी डावीकडे, झेरॉक्सच्या मशीनवर वाकताना करता तशी. डावा हात बाजूच्या सीटवर आडवा टाकलेला, एसटीत माझ्यासाठी जागा धरताना टाकायचात तसा. मी प्रमोदला विचारलं, पुढे कोण बसवलंय? तो म्हणाला, "कोनीच नाई, वयनी. पुतळे कालच उतरोले, आज रिकामाच सोडला." गाडी आमच्या अगदी समोरून आत गेली. राणूने माझा हात दाबला.

"आई, आज बाबा माह्याकडे नाई पाहून राहिले. तुह्याकडे पाहून राहिले."

घरी आल्या आल्या कपाट उघडलं. शर्ट ठेवला तसाच होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तो तिथे नसता तर कुणीतरी घालून बसलं होतं असं तरी म्हणता आलं असतं. मी तिथेच खाली बसून रडले. भीतीने रडले, आणि खोटं कशाला सांगू, तुम्ही दिसलात म्हणूनही रडले.

मला तुमचा राग येतो. तुम्हाला एकट्याने कधी काही जमलंच नाही. केस कापायला जायचं तरी प्रमोद लागायचा. मी माहेरी गेले की जेवणाचं ताट घेऊन शेजारच्या काकांच्या ओट्यावर जाऊन बसायचात. हे सगळं मला ठाऊक आहे. पण म्हणून लेकरू न्यायचं? तिला अजून पाढे पाठ नाहीत हो. तिचे दोन दात पडायचे आहेत. तुम्ही तिच्याशी कितीही गोड बोललात तरी मी तिला देणार नाही. तुम्ही बाप असाल, पण इथे मी आहे अजून.

काल मी राणूला सांगितलं, रविवारी तू खाली आजीजवळ उभी राहशील, झुल्यात मी बसणार. तिने ताट सरकवलं, पाय आपटले, माझ्यावर ओरडली, "बाबांनी मले बोलावलं हाय, तुले नाई!" आई स्वयंपाकघरातून बघत राहिल्या. मी तिचं ताट पुन्हा तिच्यापुढे ठेवलं.

आज शाळेत जाताना ती दारातून परत आली. दप्तर पाठीवरच होतं. माझ्या कमरेला मिठी मारून खूप वेळ उभी राहिली, आणि मग मान वर करून विचारलं, "आई, तू उतरशील ना?"

बघा, तिलासुद्धा कळतं.

तर ऐका. प्रमोदला सांगून ठेवलं आहे, पहिली फेरी, पहिला डबा. मी तुमच्या बाजूच्या सीटवर बसेन. तुम्ही जागा धरली आहे ना, ती वाया जाणार नाही. मला घेरी येईल, मी डोळे गच्च मिटेन, तुमच्या खांद्यावर डोकं ठेवता आलं तर ठेवेन. इतकी वर्षं तुम्ही बोलावलंत आणि मी चपला सांभाळत राहिले, आता एकदा येते. ही एक फेरी तुमची. पण त्यानंतर राणूला हाक मारायची नाही, गच्चीवरून नाही, स्वप्नात नाही, कुठूनच नाही. बाहेर आलं की तुम्ही पलीकडच्या बाजूने उतरायचं आणि मागे न बघता जायचं. मी अलीकडून उतरेन. खाली माझी पोर उभी असेल.

आत जाताना माझा हात धरा. बाहेर आल्यावर सोडा.

राणूची आई