आई दम घ्यायच्या तिथे

आबा,

"थांब पोरी, दम ली ले, मंग पुढे म्हन." हळदीची गाणी शिकवताना आई मला असं थांबवायच्या.

काल तुम्ही त्यांची गाणी कम्प्युटरवर टाइप केली आणि तयार पान उघडून बघितलं, तर सगळ्या ओळी एकमेकींत शिरलेल्या. "या डब्याला गाणं काय समजतं, उद्या पुसून टाकतो," म्हणून उठलात, ते जेवलाही नाहीत.

मी चोपड्याला मावसबहिणीच्या हळदीला निघाले. वरण गरम करून घ्या, कळण्याची भाकरी टोपल्यात आहे. गाणी मात्र पुसू नका. गाण्याच्या नावाआधीची ती खाटेच्या विणीसारखी # खूण तुम्ही बरोबर दिली आहे. नुसतं खाली उतरलं तर तयार पानावर या ओळी जोडल्या जातात, म्हणून ओळ संपली की स्पेसचं बटण दोनदा दाबा, मगच खाली उतरा. त्या दोन जागा डोळ्यांना दिसत नाहीत, पण ओळ तिथेच मोडते. दोन कडव्यांमध्ये एक ओळ कोरी सोडा.

आई गेल्यापासून तुम्ही मला विचारताय, "तुझी सासू दम कुठे घ्यायची, आठवतं का गं?" आणि मी दर वेळी नाही म्हणते. मला सगळं आठवतं, आबा. गायला तोंड उघडलं की त्यांचाच आवाज येतो, म्हणून मी गातच नव्हते.

उद्या आले की तुमच्याजवळ बसून गाईन. मी दम घेईन तिथे तुम्ही बटण दाबा.

रूपाली