पिवळा दोरा, हिरवा दोरा

रविवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल. बाबांची तब्येत वयाच्या मानानं ठणठणीत आहे. खोकला सकाळपुरता आणि हट्ट दिवसभर. यांची शाळा आणि माझं शिलाई मशीन, दोन्ही चालू. तू म्हणशील, हे तर गेल्या महिन्यात फोनवर सांगून झालं, मग एवढं जाड पाकीट कशाला? तर फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू विचारतोस, "सगळं बरं ना?" मी म्हणते, "बरं." बाबा शेजारच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात आणि दोन मिनिटांत आपण फोन ठेवतो. एकतीस वर्षांत तू एकदाच घरी आलास, आई गेली तेव्हा, दोन दिवसांसाठी. बाबा आणि तू मिळून तेव्हा सात वाक्यं बोललात. मी मोजली होती.

असो. बातमी अशी की मी मावशी दुरुस्त करतेय.

हसू नकोस. आपलीच मावशी, राखाडी, गोल दिव्यांची. "चार दिवस राहते म्हणून आली आणि जागा अडवून बसली," असं म्हणत आईनं गाडीला ते नाव ठेवलं होतं, आठवतं? तू घर सोडलंस त्या दिवशी ती शेडमध्ये जिथं उभी होती, तिथंच गेल्या महिन्यापर्यंत उभी होती. बाबांनी वर ताडपत्री टाकली आणि विषय संपवला. ना कुठल्या मेकॅनिकला बोलावलं, ना विकली. भंगारवाला गल्लीत आला की मात्र स्वतः उठून फाटक लावून घ्यायचे.

झालं असं, की शेडचे पत्रे गळायला लागले. बदलायला माणसं आली, म्हणाली, आधी गाडी बाहेर काढा. चौघांनी जोर लावला, चाक तसूभर हललं नाही. एक जण म्हणाला, साखळी बांधून ओढू. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "ओढू नका. ब्रेक चिकटलेत. ड्रम काढा." एकतीस वर्षांत बाबांनी गाडीबद्दल काढलेले हे पहिले शब्द. ती माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. ड्रम काढणं काही त्यांच्या कामात बसत नव्हतं. मग मी हातातली कात्री ठेवली आणि तुझी पान्यांची पेटी माळ्यावरून खाली काढली.

त्या दिवसापासून बाबांची खुर्ची शेडच्या दारात असते. खुर्चीचं तोंड रस्त्याकडे. गाडीकडे बघायचं नाही असा त्यांचा नेम आहे, पण सूचना मात्र अखंड चालू. उंटावरून शेळ्या हाकतात. "ठोकळा लाव. लोखंडावर लोखंड मारू नकोस." "ऐकू येतंय मला, नट तिरका चढतोय." आणि खरंच तिरका चढत असतो.

यांच्याकडे वाचनाचं काम आहे. गाडीबरोबर आलेलं पुस्तक निम्मं वाळवीनं खाल्लंय. हे वर्गात धडा वाचावा तसे ते मोठ्यानं वाचतात आणि वाळवीनं खाल्लेल्या जागी स्वतःच्या मनानं भर घालतात. त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही एक नट उलट्या बाजूनं फिरवत होतो. ब्रेकमधली हवा काढताना मी चाकापाशी जमिनीवर आणि हे आत पेडलवर. मी "दाबा" म्हटलं की दाबायचं, "सोडा" म्हटलं की सोडायचं. वीस वर्षांच्या संसारात यांनी माझं इतकं नेमकं कधी ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशीही ऐकलं नाही. ब्रेकचं सगळं तेल माझ्या चष्म्यावर.

पेट्रोलची टाकी उतरवली, तर आत नुसता गंज. बाबांचा उपाय असा की मूठभर नट टाकायचे, थोडं रॉकेल ओतायचं आणि हलवत राहायचं. आम्ही दोघं दोन बाजूंनी टाकी धरून अंगणात झुलवत होतो, तर शेजारीण कुंपणावरून म्हणते, "झोपलं का बाळ?" कार्बोरेटरच्या जेटमधला कचरा काढायला मी सवयीनं सुई घेतली, तर बाबा खेकसले, "सुई नको. भोक मोठं होईल. ब्रशचा केस घे." बघ, माझ्याच हत्यारावर मला बंदी.

आणि ड्रायव्हरच्या सीटखाली काय सापडलं सांगू? दहा-अकराचा पाना. ज्याच्यावरून तू माझं नाव ठेवलं होतंस तोच. मी दहा-अकरा वर्षांची, आणि हवी तेव्हा त्या पान्यासारखीच कधी सापडायची नाही. गंजलाय, पण तोंड शाबूत आहे.

मग इंजिन. चारही प्लग काढून आत तेल सोडलं, आठवडाभर मुरू दिलं आणि पुढून हँडल घातलं. दोन दिवस ढिम्म. तिसऱ्या दिवशी फिरलं. मी वळून पाहिलं तर बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते. माझं लक्ष गेलं तसे खाली बसले आणि म्हणाले, पाय अवघडला होता.

काल नवी बॅटरी लावून चावी फिरवली. मावशी खोकली, अंग झाडलं, दोन मोठे बार काढले आणि बंद पडली. पुन्हा तेच. अगदी तू गेलास त्या रविवारसारखी. बाबा उठून घरात गेले. खुर्ची तिथंच राहिली.

ती का लागत नाही ते लिहिते, पण आज राहू दे. शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा पडलाय.

बुधवार

गणवेश झाले. रविवारचं लिहिलेलं वाचून पाहिलं. इतकी पानं भरली आणि ज्यासाठी लिहायला बसले ते एका ओळीतही नाही. तोंडात मिठाची गुळणी धरायची सवय एकतीस वर्षांची आहे, दादा. आता सरळ लिहिते.

तुला कारखान्यात नोकरी लागली तेव्हाची बाबांची अट तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. "इंजिनाचं हेड उतरव, व्हॉल्व्ह साफ कर, परत जोड. तुझ्या हातानं लागली तर गाडी तुझी. घेऊन जा आणि लाग त्या कारखान्यात." तू आठ दिवस राबलास. रविवारी मावशीला घेऊन निघायचं ठरलं. आई तुझे शर्ट शिवत होती, बाबा वरवर कुरकुरत होते पण मनातून खूश होते. वाईट फक्त मला वाटत होतं. मी अकरा वर्षांची. मी हिशोब केला की गाडी लागली नाही तर तू जाणार नाहीस.

प्लगच्या चार तारा. तारांवर नंबर रंगवले की तेलानं पुसतात, म्हणून आपल्या घरी आईच्या डब्यातले दोरे बांधायची रीत. लाल एक, पिवळा दोन, हिरवा तीन, निळा चार. तू तारा काढत गेलास, मी दोरे बांधत गेले. तेव्हा बरोबर बांधले होते. पण शनिवारी दुपारी तुम्ही सगळे जेवायला बसलात, तेव्हा मी हात धुवायच्या निमित्तानं शेडमध्ये गेले आणि पिवळा आणि हिरवा सोडून उलटे बांधले. दोनची ठिणगी तीनला, तीनची दोनला. दोन गाठींचं काम होतं. जेवण झाल्यावर तू दोरे बघून तारा लावल्यास.

रविवारी बाबा म्हणाले, टायमिंग चुकलंय, ठिणगी अवेळी पडतेय. तू म्हणालास, बरोबर आहे. त्यांनी तुला तीनदा उघडायला लावलं आणि तीनदा तू म्हणालास, बरोबर आहे. मग बाबा म्हणाले, "दोरे बघ." तू म्हणालास, "दोरे दहा-अकरानं बांधलेत. ते चुकायचे नाहीत." आणि बाबांनी मान डोलावली. त्या दिवशी तुम्हा दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. मी तिथंच उभी होते, हातात फडकं घेऊन.

पुढे बाबा जे बोलले ते तू विसरला नसशील. "घरची गाडी ज्याला जोडता येत नाही, त्याला कारखान्यात कोण उभं करणार?" तू हात पुसलेस, बॅग उचललीस आणि बस धरलीस. मला वाटलं होतं, संध्याकाळी सांगेन. संध्याकाळी तू नव्हतास. मग वाटलं, आलास की सांगेन. मग कळलं, तू कारखान्यात गेलाच नाहीस, नकाशे काढायच्या कचेरीत लागलास. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, घरातला नळ गळला तरी तू माणूस बोलावतोस, स्वतः पाना हातात धरत नाहीस. त्या हसत सांगत होत्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता कालचं ऐक. हे बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. घरात मी एकटी. मी हँडलनं इंजिन फिरवून पुलीवरची तुझी पांढरी खूण जुळवली आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आतला रोटर नेमका एक नंबरकडे, म्हणजे टायमिंग बरोबर. तुझ्यानंतर तिथं कुणाचाही हात लागलेला नाही, ते टायमिंग तुझंच आहे. मग त्या दोन तारांची अदलाबदल केली आणि चावी फिरवली.

दुसऱ्या फेरीला लागली, दादा. ना खोकला, ना बार. मडगार्डवर ठेवलेल्या वाटीतले स्क्रूसुद्धा वाजले नाहीत इतकी एकसारखी चालली. मी सीटवर बसून आधी हसले आणि मग रडले. दोन मिनिटांनी बंद केली आणि तारा पुन्हा चुकीच्या लावून ठेवल्या.

का, तेही सांगते. चालू ठेवली असती तर बाबांनी ऐकली असती आणि म्हणाले असते, त्याला जमलं नाही ते पोरीनं करून दाखवलं. आणि मी पुन्हा गप्प बसले असते. मी स्वतःला चांगली ओळखते.

शुक्रवार

आज सकाळी बाबांना सांगितलं. यांना कालच सांगितलं होतं. हे आधार म्हणून शेजारी उभे राहिले, वाळवीचं पुस्तक छातीशी धरून.

बाबा सगळं ऐकेपर्यंत रस्त्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "उठव मला." खुर्ची सोडून ते आत आले आणि पहिल्यांदा त्यांनी मावशीवर हात ठेवला. त्यांना आता जवळचं नीट दिसत नाही. बोटांनी तारा चाचपत विचारलं, "पिवळा कुठला?" मी त्यांचं बोट धरून पिवळ्यावर ठेवलं, मग हिरव्यावर. बराच वेळ बोटं तिथंच होती.

"तो तीनदा म्हणाला होता," बाबा म्हणाले. "बरोबर आहे, बरोबर आहे, बरोबर आहे."

मी म्हटलं, "बाबा, चूक माझी आहे."

ते माझ्याकडे वळले. बेचाळिसाव्या वर्षी आता थोबाडीत बसणार असं मला वाटलं, आणि बसली असती तर बरंही वाटलं असतं. ते म्हणाले, "तू अकरा वर्षांची होतीस. मी एक्कावन्न वर्षांचा होतो."

मग नाक शिंकरून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तारा बदलू नकोस. गाडी त्याची झालीय, तेव्हाच झालीय. ज्याची गाडी त्यानं तारा लावाव्या. लिही त्याला." आणि जाता जाता, "बॅटरी उतरू देऊ नकोस." खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी ती फिरवून घेतली. आता तिचं तोंड गाडीकडे आहे.

दादा, मला माफ कर. हे मी रोज मनात म्हणायचे, आज कागदावर लिहिलं. तू रागावणार, रागावच. पण पत्रात रागावू नकोस, इथं येऊन रागाव. वहिनींना घेऊन ये. दहा-अकराचा पाना घासूनपुसून डॅशबोर्डवर ठेवलाय, बॅटरी भरलेली आहे, टाकीत पेट्रोल आहे. दोन तारा तेवढ्या चुकीच्या आहेत. त्यांना मी हात लावणार नाही.

हवी तेव्हा न सापडलेली, आता मात्र जागेवर असलेली,
तुझी दहा-अकरा

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी बाबांनी पेन मागून घेतलं. त्यांना ओळ दिसत नाही म्हणून अक्षर खाली घसरलंय. मी हात धरला नाही, शब्दही सांगितले नाहीत.

टायमिंग बरोबर होते. ये.
— बाबा