गुडघ्याखाली चार बोटं

५ जानेवारी, सोमवार
गणवेश समितीचा प्रमुख झालो. मुख्याध्यापक हणमंतराव सर म्हणाले, बिराजदार सर, दुसरं कुणी हो म्हणेना. मोठा माणूस, कौतुकसुद्धा आडून करतो. फेब्रुवारीत लातूरहून संस्थेची कमिटी येणार, शिस्तीची ढाल द्यायला. यंदा ढाल मुरुडच्या बाहेर जाणार नाही.
संकल्प : रोज दहाला गेटवर. चिडायचं नाही. पोरांना भीती नको, धाक हवा.

६ जानेवारी
नियम बोर्डावर लावले. मुलींचा कुर्ता गुडघ्याखाली चार बोटं, दोन वेण्या, काळी रिबन. मुलांचे केस बारीक. नियम सगळ्यांना सारखा. संस्थेच्या सचिवांच्या नातवाचे केस सोनेरी आहेत, पण ते उन्हानं झालेत, मी नीट बघितलं. मुलींचं माप शिपाई नीलाबाई घेतात, मी लांबून आकडा लिहितो. सभ्यता म्हणजे सभ्यता.
सदतीस मुली नापास. नीलाबाई म्हणाल्या, सर, वाढीचं वय हाय पोरींचं, कपडे जूनचे हायत. मी म्हणालो, वय वाढत असेल, नियम वाढत नाही. वाक्य चांगलं झालं. भाषणात वापरणे.

७ जानेवारी
आमची मुलगी वर्षाराणीही दहावीतच. मुद्दाम सगळ्यांसमोर तिचं माप घ्यायला लावलं. बरोबर चार बोटं. जूनमध्येही चारच होती. याला म्हणतात घरचं वळण. घरी येऊन महानंदाला तसं सांगितलं. ती सुईत दोरा ओवत राहिली. बायकोनं नवऱ्याचं कौतुक करायची पद्धत आपल्याकडं नाहीच.

९ जानेवारी, स. १०.२०
दहावी ब मधली पुनम. गुडघ्याच्या वर दोन बोटं! शिवाय कुर्त्याच्या खालच्या कडेला जुन्या दुमडीच्या दोन रेघा. म्हणजे कपड्याशी छेडछाड. विचारलं तर म्हणते, दोनदा उसवून सोडला सर, आता आत कापडच न्हाई. उलट उत्तर. घरी पाठवली.
दुपारी कळलं, आज सराव परीक्षेचा गणिताचा पेपर होता. तिनं सांगायला नको? नीलाबाई म्हणतात, सांगितलं होतं.

१२ जानेवारी
पुन्हा तोच कुर्ता. चिडलो नाही. युक्ती काढली. गॅदरिंगच्या पडद्याचं पिवळं कापड पडून होतं, त्याची सहा बोटांची पट्टी कापली आणि प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर तिच्या कुर्त्याला शिवून घेतली, अंगावरच. ही शिक्षा नव्हे, सोय आहे. मुलगी पूर्ण वेळ खाली बघत होती, म्हणजे पश्चात्ताप झाला. नीलाबाईंच्या बोटात दोनदा सुई गेली. कामात लक्षच नसतं त्यांचं.

१३ जानेवारी
पोरं तिला 'पिवळी' म्हणतात. मी हटकलं नाही. थोडी चेष्टा झाली की माणूस घडतो. मला शाळेत 'ढब्बू' म्हणायचे. काय बिघडलं माझं? म्हणणाऱ्या पाचही जणांची नावं अजून पाठ आहेत, एवढंच.

१६ जानेवारी
पट्टी काढून आली. आता सौम्यपणा पुरे. शाळेच्या लेटरहेडवर तिच्या वडिलांना चिठ्ठी लिहिली : 'आपली कन्या वयात आली आहे. तिला अशा आखूड कपड्यांत घराबाहेर पाठवणे शोभत नाही. लोक बघतात. पालकांनी वेळीच योग्य तो निर्णय घ्यावा.' खाली सही, शिक्का. महानंदाला वाचून दाखवली. ती म्हणाली, नवा कुर्ता घ्या एवढंच लिहायचं होतं ना, मग तेवढंच का लिहिलं नाही? तिला भाषेची जाण कमी.

१९ जानेवारी
चिठ्ठीचा परिणाम माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त. पुनमचे वडील ग्यानोबा पेढे घेऊन आले. म्हणाले, सर, लई उपकार झाले. पोरगी म्हणायची धाव्वी होऊ द्या, मीबी म्हणायचो होऊ द्या. पण तुमची चिठ्ठी वाचून आमची म्हातारी म्हणाली, साळंचा मास्तरच लिहायलाय तर आपण कशाला थांबायचं? लोह्याकडचं स्थळ हाय. एक तारखेला लग्न हाय, तुमी यायलाच पायजे.
पुनम पंधरा वर्षांची. मी काहीतरी बोलणार होतो. पण तोंडात पेढा होता, आणि तास सुरू व्हायची घंटा झाली.
घरी वर्षाराणी रडत होती. पुनम तिची मैत्रीण आहे, हे मला आजच कळलं. म्हणाली, बाबा, तुमच्या चिठ्ठीनं झालंय, तुमच्याच शब्दानं थांबेल. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, मी बघतो. लगेच शांत झाली. मुलीचा बापावर केवढा विश्वास असतो!

२३ जानेवारी
ग्यानोबाला फोन करणार होतो. पण नीट विचार केला. शाळेच्या गेटच्या आत माझी जबाबदारी, बाहेरचा मामला घरगुती. सोमवारी झेंडावंदनानंतर करणे.
आज गेटवर एकही मुलगी आखूड कुर्त्यात नाही. शंभर टक्के! सहा जणी गैरहजर, पण त्यांचा हिशोब हजेरीत येतो, गणवेशात नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन. सफारीचं बटण लागेना. मागच्या वर्षी व्यवस्थित लागत होतं. धोब्यानं कापड आटवलं. नवी शिवायला टाकली. शरीराला त्रास होईल असे कपडे घालू नयेत, या मताचा मी आहे.
फोन राहिला.

१ फेब्रुवारी, रविवार
लग्नाला गेलो. वर्षाराणीला 'मी बघतो' म्हणालो होतो, शब्द मोडता येत नाही. समक्ष बघितल्याशिवाय बोलणार तरी काय? पोचलो तेव्हा अक्षता पडत होत्या. आता बोलून उपयोग नव्हता. ग्यानोबानं माइकवर माझं नाव घेतलं, सरांमुळं आमचे डोळे उघडले म्हणाला. शाल, नारळ, फोटो. पुनमनं पाया पडल्यावर सवयीनं तोंडातून गेलं, खूप शीक. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. बहुतेक हसली. गर्दी होती, नीट दिसलं नाही.
फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. अकरा जणांनी बघितला. हात जोडलेलं चित्र एकानंच पाठवलं, तेही सचिवांच्या नातवाच्या क्लासवाल्यानं.

४ फेब्रुवारी
आज कमिटी आली! सूचना न देता, एकट्या मॅडम, हातात फाइल. मी मुलींना रांगेत उभं केलं. मॅडमनी रांगेकडं बघितलंसुद्धा नाही. चिठ्ठी काढून विचारलं, ही तुमची का? म्हणालो, अक्षरशः माझीच, आणि एकेक वाक्य समजावून सांगितलं. फोटो दाखवला, हे तुम्हीच? म्हणालो, हो, शालही माझीच. त्यांनी सगळं लिहून घेतलं. वीस मिनिटं माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं. शेवटी ढाल कधी मिळेल ते विचारलं.
मॅडम ढालीच्या नव्हत्या. बालविवाहाच्या चौकशीला आल्या होत्या.

५ फेब्रुवारी
हणमंतराव सर म्हणाले, परीक्षेच्या कामावर येऊ नका, तीन आठवड्यांत लेखी खुलासा द्या. नेमणूक तुम्हीच केली होती म्हणालो, तर म्हणतात, गणवेशासाठी केली होती.
तक्रार कुणी केली ते शोधायचं ठरवलं. शोधावं लागलं नाही. जेवताना वर्षाराणीच म्हणाली, मी फोन केला. मी ओरडलो, करायचाच होता तर लग्नाच्या आधी का नाही केला? ती म्हणाली, तुम्ही म्हणाला होता ना, मी बघतो. म्हणून थांबले.
महानंदाला म्हणालो, बघ, हेच का आपलं वळण? मापात चालणारी मुलगी आपली. महानंदा म्हणाली, कसलं माप? जूनपासून तीनदा कुर्ता उसवला तिचा, चौथ्यांदा खाली नवं कापड जोडलं. पुनमला असं करून द्यायला घरात आई नव्हती.
मला हे कुणी सांगत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
दहावीचा पहिला पेपर. मला काम नाही, तरी गेटवर गेलो. कुणी जीन्समध्ये, कुणी चपलांवर. हणमंतराव सरांना दाखवलं. ते म्हणाले, आज हॉलतिकीट बघायचंय, कपडे नाही.
पुनमचं हॉलतिकीट ऑफिसातच पडून होतं. ग्यानोबाला फोन लावला, आज अखेर लावलाच. तो म्हणाला, सर, ती लोह्याला हाय. सासरचे पाठवत न्हाईत. म्हणतात, आता काय करायचंय पेपर देऊन? मीबी चौकशीनं बेजार झालोय. तुमचंच ऐकलं होतं सर.
फोन ठेवला. ऊन फार होतं. घरी आलो.
दुपारी खुलासा लिहायला बसलो. त्यात एक रकाना आहे : विद्यार्थिनीची शैक्षणिक प्रगती. मला तर तिच्याबद्दल दोन बोटं एवढंच माहीत. तेवढंच लिहिलं, मग खोडलं. खरंच खोडलं, हे कुणाला दाखवायला लिहीत नाही.
वर्षाराणी पेपर देऊन जेवायला बसली होती. तिला विचारलं, पुनम अभ्यासात कशी होती? ती ताटात बघत म्हणाली, वर्गात पहिली यायची. मी दुसरी.
म्हणजे यंदा तू पहिली, असं मी म्हणालो.
वर्षाराणी भरल्या ताटावरून उठली.