सत्काराच्या शालीचा पडदा

आदरणीय संघपाल भाऊजी,

सप्रेम जय भीम. पुण्यात तुम्ही, दीपमाला आणि तुमचं पित्त, तिघंही मजेत असाल. इकडं आईंचं तसंच आहे. डावं अंग गेलं, जीभ मात्र शाबूत आहे. फोनवर मी तोंड उघडलं की तुम्हाला मीटिंग लागते, म्हणून कागद घेतला.

तर गेल्या रविवारी माझा सत्कार झाला. घरच्या आजाऱ्याची बिनपगारी सेवा करणाऱ्यांचा जाहीर गौरव करायचं आपल्या वॉर्डातल्या मंडळानं ठरवलं. विचार लई चांगला. फक्त सेवा करणारी हॉलवर आली तर आजाऱ्यापाशी कोण बसणार, एवढंच कुणाच्या डोक्यात आलं नाय. त्यामुळं करणाऱ्या राहिल्या घरी, आणि ज्यांना घरी काही कामच नव्हतं ते कडक इस्त्रीत स्टेजवर. शेजारच्या गीताबाईंच्या जागी त्यांचे मालक आले (स्वतःच्या आईची गोळी जेवणाआधी की नंतर, हे त्यांना अजून ठाऊक नाय). तुमचे दादा तर कधीचे पहिल्या खुर्चीत. पण मीही हट्टाला पेटले. आईंना रिक्षात घातलं, चाकाची खुर्ची घडी करून मागं कोंबली आणि गेले.

पाहुण्यांनी शाल घातली ती आईंना. खुर्चीत बसलेलं माणूस म्हणजेच सत्कारमूर्ती, असा त्यांचा हिशोब. चूक कळल्यावर तीच शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली. मग दादांनी माईक धरला आणि आम्ही दोघा भावांनी आईला काही कमी पडू दिलं नाही, असं सांगितलं (दोघांत तुम्हीही आलात, अभिनंदन). टाळ्या पडत होत्या तेवढ्यात माईकाशेजारी बसलेल्या आई म्हणाल्या, "सुलेखा, मला लागली गं." अख्ख्या हॉलनं ऐकलं. स्टेजभर सेवाभावी माणसं, पण एक हलेना. तुमचे दादा तर वर पंख्याकडं बघायला लागले. संडासाला पायऱ्या. शेवटी स्टेजमागं सतरंज्यांच्या ढिगाआड दोन खुर्च्यांना ती शाल बांधून पडदा केला आणि भांडं दिलं (ते माझ्या पिशवीत कायम असतं). पलीकडं पाहुणे सेवेच्या मोलावर बोलतच होते. मला आधी हसू आलं, मग रडूही आलं, खोटं कशाला सांगू. आई मात्र निवांत होत्या.

दीपमालाला जय भीम, पोरांना पापा.

तुमची वहिनी,
सुलेखा

ता. क. : पुढल्या महिन्यात पहिल्या सोमवारी माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. आईंना उचलून उचलून झालंय. याआधी माणूस नाय म्हणून तारीख पुढं ढकलली. आता ढकललं आणि आतडं अडकलं तर जिवावर बेतंल, असं डॉक्टर म्हणतात. नंतर महिनाभर भरला हंडासुद्धा उचलायचा नाय. दादांना सुट्टी नाय. तुम्ही आदल्या दिवशी या. भेटायला नाय, राहायला.

आणखी एक : आत्ताच आईंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्याला कशाला बोलावती? भांडं धरायची लाज वाटंल त्याला. मलाच दवाखान्यात तुझ्या शेजारच्या खाटेवर टाक." मी विचारलं, आणि तिथं तुमचं कोण करणार?

"तू हाईस की."