तेरा भागांची मालिका

सोमवार, ३ तारीख
आज कामावर रुजू झाले. इतकी वर्षं घरोघरी पेशंट सांभाळतेय, पण खिडकी, टेबल आणि स्वतःचं कपाट असलेली खोली पहिल्यांदाच मिळाली. म्हणून ही वही काढली.

घर टेकडीच्या कडेला, एकटंच. राहतात दोघंच, मॅडम आणि त्यांचे वडील. मॅडम शाळेत शिकवायच्या, वडिलांसाठी नोकरी सोडली. वडिलांना सहा वर्षांपूर्वी झटका आला. मानेखाली सगळं लुळं, वाचाही गेली. फक्त उजव्या हाताची तर्जनी हलते. टिचकी एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं मॅडमनी समजावलं.

चेहरा पाहिला आणि मी चाटच पडले. लहानपणी टीव्हीवर विज्ञानकथांची एक मालिका लागायची, दर आठवड्याला वेगळी गोष्ट. सुरुवातीला आणि शेवटी काळा कोट घालून जे बोलायचे, तेच हे काका. आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता. मी आणि धाकटी बहीण पहिल्या रांगेत बसून भीतीने एकमेकींची बोटं पिरगाळायचो. हे त्यांना सांगितलं, तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हाताऱ्याला आनंद झाला असणार.

मंगळवार, ४
मॅडमकडे त्या मालिकेच्या तेराही व्हिडिओ कॅसेट आहेत. दुकानात विकायला आल्या तेव्हाच त्यांनी घेतल्या. जुन्या आठवणींनी काकांना बरं वाटतं म्हणे, म्हणून रोज चार वाजता एक भाग लावायचा आणि मीही सोबत बसायचं. असलं काम कुणाला नको? मॅडम मात्र बसत नाहीत. पाहून पाहून वीट आलाय म्हणाल्या आणि दार ओढून गेल्या.

लावू का, म्हणून काकांना विचारलं. टिचकी एकदा.

पहिला भाग ओसाड ग्रहावर अडकलेल्या माणसाचा. लहानपणी मी त्याला घाबरून आठवडाभर एकटी झोपले नव्हते. आता पाहिलं तर त्याचं शिरस्त्राण म्हणजे दांडा कापलेलं पातेलं, आणि यानाची दोरी स्पष्ट दिसते. हसून पुरेवाट झाली. शेवटी तरुणपणचे काका पडद्यावर आले आणि म्हणाले, पाहणाऱ्यांनो, जाता जाता थोडं ठेवून जा. हे वाक्य मला कसं आठवत नाही कोण जाणे.

शुक्रवार, ७
चार भाग झाले. आज काकांनी अख्खी मूठ वळली. मॅडम माझ्या गळ्यात पडून रडल्या. सहा वर्षांत डॉक्टरांना जमलं नाही ते मी चार दिवसांत केलं म्हणाल्या.

काका तसे विक्षिप्तच. पाणी हवं का विचारलं की दोनदा टिचकी, म्हणजे नको. तरी भांडं ओठाला लावलं की घटाघटा पितात.

माझ्या उजव्या हाताला मुंग्या येतात. अंगाखाली आला असेल. धाकटीला फोन केला. तिला नववा लागलाय. मालिकेचं सांगितलं तर म्हणाली, बाळ होण्याआधी एकदा येऊन पाहतेच.

सोमवार, १०
सातवा भाग. हातातून थर्मामीटर पडून फुटला. अक्षर बघा कसं येतंय. मॅडमच्या डॉक्टरांनी तपासलं, शीर दबली असेल म्हणाले.

काका आता कोपरापासून हात उचलतात. आज तो प्लेअरच्या बटणाकडे नेत होते. मॅडमनी हलकेच धरून खाली ठेवला आणि त्यावर ओठ टेकले.

बुधवार, १२
डाव्या हाताने लिहितेय. उजवा गेला.

नववा भाग संपला तेव्हा मॅडम औषधं आणायला गेल्या होत्या. काका बोलले. घोगरं, सहा वर्षं न वापरलेल्या आवाजात.

“एकदा म्हणजे नाही. पहिल्या दिवसापासून नाही म्हणतोय मी, पोरी.”

शेवटचं ते ‘थोडं ठेवून जा’ त्यांना कुणी लिहून दिलं नव्हतं. काका ते कधी बोललेच नव्हते. तरी ते कॅसेटमध्ये आहे. जो शेवटपर्यंत बघतो त्याचं थोडं थोडं काकांच्या अंगात येतं. हलणारी तर्जनीसुद्धा त्यांची नाही, आधीच्या सिस्टरची. ती शहाणी एकच भाग पाहून पळाली. मुलीला सगळं ठाऊक आहे.

जा म्हणाले, आत्ताच जा. मी उठायला गेले. पाय टेकलाच नाही.

गुरुवार, १३
मॅडमनी चाकाच्या खुर्चीत बसवलं. पट्टा आवळला. रागावल्या नाहीत. माझे केस विंचरत म्हणाल्या, सिस्टर कितीही मिळतील, बाप एकच असतो.

डोळे मिटले तर ऐकूनही चालतं, म्हणाल्या.

दहावा—

शुक्रवार, १४
काकांनी दोन्ही हातांनी कॅसेट फोडली. फीत जमिनीवर. ढीगभर. लहान मुलासारखे रडत होते.

मॅडम बाजारात जाऊन तीच घेऊन आल्या. दुकानात कितीही मिळतात.

अकरावा. जीभ वळत नाही. धाकटीचा फोन आला, मी समोर असून—

शनिवार, १५
बारावा.

काकांच्या पायांत अजून पुरतं बळ यायचंय. माझ्यात आता काही नाही. दोन बोटं. मॅडमना कळलंय. फोनवर कुणाशी तरी गोड बोलत होत्या. पत्ता सांगत—

रविवार, १६
धाकटी आलीय

पोट सांभाळत. रडली मला पाहून. मॅडमनी पाणी दिलं, अचानक झटका आला सांगितलं. काका वर. झोपेचं औषध देऊन कुलूप

कॅसेट दिसली. डोळे पुसून हसली. माझ्या शेजारी बसून पाहणार म्हणते, मला बरं वाटावं म्हणून

वही तिच्याकडे ढकलली. अक्षर लागत नाही म्हणाली. परत मांडीवर ठेवली. माझी बोटं हातात घेतली, सोडवून लिहि—

मॅडमनी दार ओढलं

धाकटे बघू न