धावत्या बैलांवरचा फोकस

५ जानेवारी २००४, मुक्काम मूल

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही बैलांचा पट, म्हणजे शर्यत, बघायला गेलो होतो. बांधावर बसून मीठ लावलेली बोरं खात होतो. यांनी हात पुसले, गळ्यातला कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, माझा एक काढ. बोराची बी कुठे टाकू याचा विचार करताना मी बटण दाबलं. फोटोत यांचं डोकंच नव्हतं. खांदा आणि अर्धा बैल. यांनी तो फ्रेम करून स्टुडिओत लावला. गिऱ्हाइकांना सांगायचे, हे आमच्या बेगमचं काम.

आज सकाळी यांनी मला खुर्चीवर बसवलं. पासपोर्ट फोटोसाठी. आता रोजच बसवतात. जुना कॅमेरा, आत रोल नाही. "हनुवटी थोडी खाली, बाई." मग म्हणतात, परवा या.

मी दुःखी वगैरे नाही. फक्त नोंद.

६ जानेवारी

शहबाजचा नागपूरहून फोन. महिनाअखेरीस गाडी घेऊन येतो म्हणाला. अब्बांसाठी एक जागा पाहिली आहे, तिथे रात्रंदिवस माणसं असतात, बाग आहे. मी त्याच्याकडे राहायचं. डॉक्टर म्हणाले, आता ओळख परत येत नसते. डॉक्टर फार तरुण आहेत.

मी म्हटलं, तोवर यांनी मला ओळखलं तर आम्ही दोघं इथेच राहणार. शहबाज म्हणाला, बघू. म्हणजे कबूल.

८ जानेवारी

मोठा शोध! मी यांना जुने फोटो दाखवत होते. पटाचा फोटो आला तसे हे ताठ बसले. "मुखरूची जोडी," म्हणाले. मुखरू म्हणजे यांचा पटातला जुना दोस्त. आणि पाठोपाठ, "खुर्शीद, चहा ठेव ना." माझं नाव! दूध उतू गेलं तरी मी स्वयंपाकघरात नुसती उभी. चहा घेऊन आले तर, "बाई, तुमी काऊन तसदी घेतली?"

तरी सिद्धांत पक्का. धावत्या बैलांचा स्पष्ट फोटो दिसला की हे परत येतात. जुने फोटो आता त्यांना पाठ झालेत, जांभया देतात. ताजा हवा. पंचवीस तारखेला पट आहे. मुखरूची नवी जोडी धावणार आहे.

स्टुडिओ बंद करायच्या आधी यांनी एक ऑटोफोकस कॅमेरा घेतला होता. कधी वापरला नाही. कपाटातून काढला. त्याच्या मागे न नेलेल्या फोटोंचा डबा होता. लोक फोटो काढून जायचे आणि न्यायला यायचेच नाहीत. यांनी एकही पाकीट फेकलं नाही. म्हणायचे, उशिरा येतात, पण येतात.

११ जानेवारी

मॅन्युअल वाचलं. इंग्रजी माझं चांगलं आहे. आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, दोनदा वाचून समजत नाही असं जगात काही नाही. मी चारदा वाचलं.

सिंगल फोकस: एकदा बसला की तिथेच बसतो. उभ्या माणसांसाठी. कंटिन्युअस: बटण अर्धं दाबून धरलं की धावणाऱ्याच्या मागे मागे जातो. निर्णय: कंटिन्युअस. फोकसचे पॉइंट पाच. निर्णय: पाचही चालू. एकाला नाही तर दुसऱ्याला दिसेल.

हे पटाच्या वाटेवर एक दगड ठेवायचे, त्यावर फोकस लावून बैलांची वाट बघत उभे राहायचे. आता त्याची गरज नाही. विज्ञान पुढे गेलंय.

१३ जानेवारी

सराव. गुणाबाईला अंगणात धावायला लावलं. आमच्याकडे कामाला आहे, वीस वर्षांत तिला कधी धावताना पाहिलं नव्हतं. पदर खोचून धावली. संपूर्ण रोल.

१६ जानेवारी

प्रिंट आल्या. कुंपणाची प्रत्येक काडी मोजता येते. त्याच्यापुढे एक हिरवा धूर आहे, तो गुणाबाई. ती बराच वेळ बघत राहिली. "बाई, धावली मी अन् फोटो कुंपनाचा?"

कारण सापडलं. पाच पॉइंटांचं आपसात जमत नाही. निर्णय: फक्त मधला.

१९ जानेवारी

शेजारच्या बकरीवर सराव. बकरी धावत नाही. कॅमेरा खाली केला की धावते. बकरीसाठी सिंगलच बरं.

आज हे दोनदा रस्त्यावर निघून गेले. गुणाबाईनं आणलं. शहबाजला सांगितलं नाही. किरकोळ गोष्ट.

२५ जानेवारी, रात्री

पट. यांना गुणाबाईजवळ ठेवून गेले. धूळ, भोंगा, माणसंच माणसं. मुखरूनं लांबून ओळखलं. "जाहिदभाऊ काऊन नाई आले?" सर्दी आहे म्हटलं. तो म्हणाला, भाऊ आल्याबिगर पट पटासारखा वाटत नाई. मग मला शेवटाच्या खुणेजवळ जागा करून दिली, लोकांना दरडावून.

एकदा वाटलं, एक दगड ठेवावा. हाताशी चांगला पांढरा होता. मग म्हटलं, नको, कंटिन्युअस आहे.

मुखरूची जोडी आली तेव्हा जमीन हलली. बटण धरून ठेवलं. बैल, छकडी हाकणारा धुरकरी, सगळं मधल्या पॉइंटमध्ये होतं. नक्की होतं. जिंकले! शेजारचा माणूस आनंदानं गमछा फिरवत होता.

फोटो उत्तम आलेत, असं मला आतून वाटतंय. शहबाजला फोन करून सांगितलं, घाई करू नकोस.

२८ जानेवारी

गमछा फार सुंदर आलाय. विणीसकट.

एक प्रिंट त्यातल्या त्यात बरी. बैल पुसटच, पण मागे छकडीवर बसलेल्या मुखरूच्या मुलाचे दात स्वच्छ दिसतात. हातपाय धुऊन, चांगली साडी नेसून यांच्यासमोर ठेवली. यांनी उजेडाकडे धरली. चष्मा कपाळावर नेला. पूर्वीसारखाच.

"मुखरूची जोडी. डावा बैल नवा हाय."

मला वाटलं, आता. हळूच विचारलं, कोणी काढला असेल?

"नवशिक्यानं. दगड नाई ठेवला." मग माझ्याकडे बघून जरा ओशाळले. "राग नका मानू, बाई. आमची बेगम याच्याहून बरा काढते."

मी विचारलं, कुठे आहे ती?

"बोरं आनाले गेली. येईनच आता." आणि दाराकडे बघत बसले.

मीही थोडा वेळ दाराकडे बघितलं.

२९ जानेवारी

आज जुन्या कॅमेऱ्यात रोल घातला. यांना सांगितलं नाही. सकाळी मी खुर्चीवर बसले. यांनी हातानं फोकस लावला. बोटं अजिबात थरथरली नाहीत. हनुवटी थोडी खाली, बाई. परवा या.

३१ जानेवारी

परवा या म्हणाले होते, म्हणून आज प्रिंट आणायला गेले. फोटो मिळाला. पापणीचा केस न् केस स्पष्ट. डोळे ओले आहेत, तेसुद्धा फोकसमध्ये.

शहबाज आलाय. गाडी दारात आहे. कोणाला काय द्यायचं ते इथेच लिहिते.

ऑटोफोकस कॅमेरा शहबाजला, मॅन्युअलसकट. सिंगलवर ठेवलाय, तसाच राहू द्यावा.

कुंपणाचा फोटो गुणाबाईला. ते कुंपण तिनंच बांधलं होतं, हे ती काल बोलली.

दातांचा मुखरूला. जाहिदभाऊंची सर्दी बरी झाली नाही, एवढं सांगावं.

अर्ध्या बैलाची फ्रेम यांच्या पलंगासमोर लावावी, बागेच्या खिडकीशेजारी.

जुना कॅमेरा यांच्याजवळ. रोल घालू नये. मात्र रोज सकाळी तिथल्या कोणीतरी थोडा वेळ खुर्चीवर बसावं, आणि सांगतील तेव्हा हनुवटी खाली घ्यावी.

न नेलेल्या फोटोंचा डबा यांच्या कपाटात. माझा पासपोर्ट फोटो त्यात सगळ्यात वर आहे, पाकिटावर खुर्शीद लिहिलंय. हे कधी घ्यायला आले, तर पावती न विचारता द्यावा.